मागच्याला कळायला हवं

मुंबईच्या रस्त्यावर अनोळखी माणसं एकमेकांना सतत काहीतरी सांगत असतात. 'स्टँड, स्टँड!' असं ओरडत एखादा बाइकवाला दुसऱ्याच्या पायाकडे बोट दाखवतो आणि पुढे निघून जातो. 'ओ ताई, ओढणी!' अशी हाक येते आणि स्कूटरवर मागे बसलेली मुलगी चाकाजवळ गेलेली ओढणी पटकन ओढून घेते. रिक्षावाला शेजारच्या गाडीच्या काचेवर टकटक करून सांगतो की मागचा दरवाजा नीट लागलेला नाही. सांगणारा थांबत नाही, ऐकणाऱ्याला आभार मानायला सवड मिळत नाही, सिग्नल सुटतो आणि दोघंही गर्दीत मिसळून जातात. या शहरातल्या ज्या गोष्टींवर माझा जीव आहे, त्यांत ही सवय फार वरच्या नंबरावर आहे.

माझ्या गाडीचा उजवा ब्रेक लाइट गेल्याचं मला असंच कळलं. सायनच्या सिग्नलला, भर पावसात, पाठीवर डिलिव्हरीची चौकोनी बॅग घेतलेला एक मुलगा माझ्या खिडकीशी आला. हेल्मेटची काच वर करून म्हणाला, "ताई, मागचा उजवा ब्रेक लाइट लागत नाहीये. सांभाळून." मी काही बोलायच्या आत तो दोन बसच्या मधून पुढे गेलासुद्धा. तो बराच वेळ माझ्या मागे असणार. ओल्या रस्त्यावर, दोन चाकांवर, माझी गाडी थांबतेय की चालतेय याचा अंदाज बांधत.

गाडीच्या बाकीच्या दिव्यांचं आपलं आपल्याला कळतं. हेडलाइट गेला तर समोरचा रस्ता एका बाजूने काळा पडतो. इंडिकेटरचा बल्ब उडाला तर बऱ्याच गाड्यांत त्याची टिकटिक एकदम घाईघाईने व्हायला लागते, म्हणजे गाडीच ओरडून सांगते. पण साध्या गाडीत ब्रेक लाइटसाठी अशी सोय नसते. तो पेटतो तेव्हा आपला पाय पेडलवर असतो आणि डोळे समोर. म्हणजे गाडी घेताना आपण त्याचे पैसे देतो, तो आपल्याच बॅटरीवर जळतो, पण त्याचा उजेड सगळाच्या सगळा दुसऱ्या कुणासाठी असतो.

त्यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. पुष्कळ गाड्यांमध्ये मागचा रात्रीचा लाल दिवा आणि ब्रेकचा दिवा एकाच बल्बात असतात. एका काचेच्या गोळ्यात दोन फिलामेंट: एक 5 वॅटची, हेडलाइटबरोबर मंद जळणारी, आणि दुसरी 21 वॅटची, फक्त ब्रेक दाबला की भडकणारी. 21 ची तार तुटली तरी 5 ची तशीच जळत राहते. त्यामुळे रात्री आपण गाडीच्या मागून फेरी मारली तर दोन्ही बाजूंना लाल दिवे दिसतात आणि आपण निर्धास्त होतो. मागून येणाऱ्याला मात्र उजव्या बाजूचा उजेड वाढलेला दिसत नाही. जोराच्या पावसात दुरून एकच दिवा भडकलेला दिसला तर ती चारचाकी आहे की कुणाची बाइक, हेही चटकन ठरवता येत नाही. जिथून निघायला जागा आहे असं त्याला वाटतं, तिथे प्रत्यक्षात माझ्या गाडीचा अर्धा भाग असतो.

सर्व्हिसिंगवाल्यांना फोन केला तर पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली, आणि सकाळी गाडी सोडून संध्याकाळी न्यायला या म्हणाले. एका बल्बासाठी! मधल्या दिवसांत गाडी तर चालवायचीच होती. मग ठरवलं, आपणच उघडून बघू.

चेंबूरला आमच्या सोसायटीत गाडी कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून उभी असते. या कामाला ती फार सोयीची जागा, का ते पुढे येईलच. आधी दिवे बंद केले, किल्ली काढली आणि थोडं थांबले, कारण नुकताच जळत असलेला बल्ब हाताला चांगला चटका देतो. डिकी उघडल्यावर टेल लाइटच्या आतल्या कडेला दोन स्क्रू दिसले, दोन्ही गंजलेले. अशा स्क्रूवर घाईने जोर लावला की त्याची खाच झिजते आणि मग तो कुणालाच निघत नाही. म्हणून आधी गंज सोडवायचा स्प्रे मारला, खाचेत नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर निवडला आणि तळहाताने मागून दाब देत हळूहळू फिरवला. निघालेले स्क्रू स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या वाटीत टाकले. डिकीच्या फटीत स्क्रू गेला की तो काढण्यात संध्याकाळ जाते, हे ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक.

स्क्रू निघाले म्हणजे लाइट हातात येतो असं नाही. बाहेरच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्या बॉडीतल्या भोकांत घट्ट बसवलेल्या असतात. इथे लाइट वाकडा करून उपटायचा मोह होतो, आणि तसं केलं की खुंटी मोडते. तो दोन्ही हातांनी धरून सरळ मागे ओढायचा. टक्क असा आवाज झाला आणि लाइट सुटून हातात आला, मागे वायरींचा झुबका लोंबत.

आणि त्या मोकळ्या झालेल्या कोनाड्यात काय नव्हतं! गुलमोहराच्या बारीक पानांचा चुरा, वाळलेला चिखल, कोळ्याचं जाळं, आणि खालच्या कोपऱ्यात पावसाच्या पाण्याने ओढलेल्या पांढुरक्या रेघा. आम्ही गाडी बाहेरून इतक्या वेळा धुतो, पुसतो, पण या कोनाड्यात इतक्या वर्षांत कुणाची नजर पोचली नव्हती. जुन्या टूथब्रशने तो आधी झाडून घेतला, मगच बल्बकडे वळले.

होल्डर घड्याळाच्या उलट दिशेने जरासा फिरवला की सुटतो. बल्ब काढायचा तर आधी आत दाबायचा, मग डावीकडे वळवायचा आणि सोडून द्यायचा. खालच्या स्प्रिंगनेच तो वर येतो. हातात घेऊन उजेडाकडे धरला. काचेला आतून करडा-काळा धूर बसल्यासारखा थर होता. एक फिलामेंट अखंड, बॉलपेनमधल्या स्प्रिंगची जणू केसाएवढी आवृत्ती. दुसरी मधोमध तुटलेली, तिचं एक टोक खाली झुकलेलं, आणि बल्ब कानाशी हलवला की अगदी बारीक किणकिण.

तो काळा थर म्हणजे खुद्द फिलामेंटच. टंगस्टनची तार तापून पांढरी झाली की तिच्यातला धातू कणाकणाने उडत राहतो आणि काचेवर जाऊन बसतो. तार एखाद्या ठिकाणी बारीक होते, तिथे ती जास्त तापते, जास्त तापली की आणखी झिजते. थंड टंगस्टनचा विरोध तापलेल्याच्या तुलनेत कितीतरी कमी, साधारण दहाव्या हिश्श्याएवढा असतो. त्यामुळे बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी तारेतून एकदम मोठा करंट धावतो. म्हणूनच बल्ब बहुतेक वेळा पेटवतानाच उडतात. आता विचार करा, चेंबूरहून दादरला संध्याकाळी जाताना पाय किती वेळा ब्रेकवर जातो. त्यात खड्डे, त्यात डिकी धाडकन आपटायची घरादाराची सवय. एवढं सगळं सोसून ती तार इतकी वर्षं टिकली याचं मला खरंच कौतुक वाटलं.

होल्डरमधली पितळी टोकं हिरवट झाली होती. आपली हवाच तशी: दमट आणि खारट. समुद्र घरातून दिसत नसला तरी तो तांब्या-पितळेला कुठूनही शोधून काढतो. पॉलिश पेपरचा छोटा तुकडा घेऊन ती टोकं हलक्या हाताने घासली, कोरड्या फडक्याने पुसली. नवा बल्ब घालूनही लाइट न लागण्याचं कारण अनेकदा हा हिरवा थरच असतो, आणि माणूस उगाच दुकानदाराला दोष देत बसतो.

जुना बल्ब खिशात टाकून दुकानात गेले. नमुना बरोबर नेणं सगळ्यात चांगलं, नावं आणि नंबर यांत घोळ होत नाही. दुकानदाराने बल्ब बोटांत फिरवून बघितला आणि मागे न वळताच एका खोक्यातून तसाच काढून समोर ठेवला: 12 व्होल्ट, 21/5 वॅट. किंमत दोन-तीन वडापावांच्या आसपास. मी दोन घेतले. डावा बल्बही त्याच वयाचा, त्याच खड्ड्यांतून गेलेला, त्याचाही भरवसा किती धरायचा? एखादा जुना किंवा दुर्मीळ भाग हवा असेल तर मात्र मुंबईकर कुर्ल्याचा सीएसटी रोड नाहीतर ऑपेरा हाऊस गाठतात. बल्बासाठी तेवढं लांब जायची गरज नाही.

या बल्बाची एक रचना मला फार आवडली. त्याच्या पितळी बुडाला दोन बाजूंना दोन बारीक खिट्या असतात, पण त्या एका उंचीवर नसतात. एक जरा वर, एक जरा खाली. होल्डरच्या खाचाही तशाच. त्यामुळे बल्ब उलटा बसूच शकत नाही. उलटा बसला असता तर रात्री गाडी चालताना 21 वॅटची तार सतत जळत राहिली असती आणि ब्रेक दाबल्यावर 5 ची मिणमिणली असती. ज्याने हे बुड आखलं, त्याने अंधारात, घाईत, पावसात बल्ब बदलणाऱ्या माणसाचा विचार केला होता. म्हणून बल्ब सहज बसत नसेल तर जोर करू नये, अर्धा फेर फिरवून बघावा. आणि जुन्या बल्बावर लिहिलेल्या वॅटपेक्षा मोठा बल्ब 'जास्त उजेड पडेल' म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नये. जादा उष्णतेने प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो.

आता तपासायचं होतं. एकटीला एकाच वेळी पेडल दाबून मागे बघता येत नाही. संध्याकाळी भिंतीवर पडलेला लाल उजेड आरशात दिसतो, भिंतीला पाठ लावून उभ्या केलेल्या गाडीचा फायदा तो हाच. पण दुपारच्या लखलखाटात तेही दिसेना. यजमान ऑफिसात, मुलगी क्लासला. सासूबाई खाली कट्ट्यावर बसल्या होत्या. म्हटलं, आई, जरा गाडीत बसता का?

आई कधीच ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या नव्हत्या. आयुष्यभर डावीकडे, नाहीतर मागे. त्यांनी आधी चपला काढल्या. मी म्हटलं, राहू द्या, तर म्हणाल्या, "नको, पायाला नीट कळायला पाहिजे." साडी सावरून बसल्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत विचारलं, "कुठला दाबायचा?" तीन पेडलांतला मधला, मी सांगितलं. मागे वॉचमनकाका येऊन उभे राहिले होते.

"दाबते गं!"

"पेटला! दोन्हीकडचा पेटला!" काका माझ्याआधी ओरडले.

आईंनी पाय काढला, पुन्हा दाबला, पुन्हा काढला. मग एकदम घाबरल्या. "अगं, हे घट्ट झालं. माझ्याकडून काही मोडलं का?" काही मोडलं नव्हतं. इंजिन चालू असताना ब्रेकच्या मदतीला निर्वात पोकळीचा जोर असतो. इंजिन बंद असलं की आत उरलेला जोर दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. ब्रेक लाइटला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो, पेडल जरा हललं की त्याची खुंटी स्प्रिंगने बाहेर येते आणि दिवा लागतो. हे मी त्यांना वाकून दाखवलं. त्यांनी ते बघितलं, पायाने पेडल अगदी अलगद हलवलं आणि विचारलं, "म्हणजे गाडी थांबायच्या आधीच मागच्याला कळतं?"

हो. नेमकं तेच. थांबल्यावर सांगून उपयोग काय?

त्या संध्याकाळी चहाच्या वेळी आई पुन्हा त्याच विषयावर आल्या. मागच्या काचेत मधोमध जो तिसरा लाल दिवा असतो तो कशाला, असं त्यांनी विचारलं. त्याची गोष्ट मोठी छान आहे. जॉन व्होएवोडस्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर एक प्रयोग केला. काही टॅक्सींना वेग कमी होताना मागच्याला सावध करणारा एक जादा दिवा मधोमध लावला, काहींना लावला नाही. दिवा लावलेल्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका सुमारे 60 टक्क्यांनी कमी झाल्या. पुढे अमेरिकेत 1986 च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना मधला, उंचावरचा ब्रेक लाइट सक्तीचा झाला. तो सगळ्याच गाड्यांवर आल्यावर मात्र फायदा तेवढा राहिला नाही. तिथल्या सरकारी यंत्रणेच्या 1998 च्या अभ्यासात तो सुमारे 4.3 टक्क्यांवर स्थिरावलेला दिसला. नवलाई संपली, डोळ्यांना सवय झाली. तरीही मला ते 4.3 टक्के कमी वाटत नाहीत. लाखो गाड्यांच्या मागे एक साधा दिवा, आणि त्यातून वाचलेल्या कितीतरी माना आणि पाठी. आपल्याकडे जिथे मागच्या बाइकवर नवरा, बायको आणि मध्ये पोर असतं, तिथे तर एकेक टक्का मोलाचा.

म्हणूनच मला टेल लाइटवर काळी फिल्म चिकटवण्याच्या फॅशनचा मनापासून राग येतो. गाडी रुबाबदार दिसते म्हणे. अहो, पण ज्याच्यासाठी तो दिवा आहे त्याच्या डोळ्यांसमोर तुम्ही पडदा ओढता, आणि तोही अशा शहरात जिथे चार महिने पाऊस पडतो आणि गाडीमागे हातभर अंतरावर बाइक असते. तसेच ते सतत लुकलुकणारे भगभगीत दिवे. सगळंच लुकलुकत असेल तर ब्रेक कधी दाबला हे मागच्याने कसं ओळखायचं? आणि रात्री लांबच्या सिग्नलला उभं असताना, रस्ता सपाट असेल आणि मागे गाड्या येऊन थांबल्या असतील, तर हँडब्रेक ओढून पाय काढावा. मागच्याच्या डोळ्यांना तेवढीच विश्रांती.

एलईडीबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. फिलामेंटला तापून पूर्ण उजळायला सुमारे 0.2 सेकंद लागतात, एलईडी जवळजवळ लगेच पेटतो. ताशी 80 किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्या वेळात साधारण 4.4 मीटर पुढे जाते. आपल्या छोट्या गाड्यांची अख्खी लांबीसुद्धा 4 मीटरच्या आत असते. म्हणजे एका गाडीएवढं अंतर मागच्याला फुकट मिळतं. याच्यापुढे फिलामेंटची बाजू घेऊन मी भांडू शकत नाही. पण बऱ्याच नव्या गाड्यांत ते दिवे सीलबंद येतात. आतलं काही बिघडलं तर वाटी, स्क्रू ड्रायव्हर आणि सासूबाई यांच्या भरवशावर काही होत नाही, अख्खा लाइट बदलावा लागतो आणि हजारोंचं बिल येतं. मग माणूस टाळतो, 'एक बाजू तर चालू आहे' म्हणतो, आणि महिनोन्महिने तसाच फिरतो. दिवा लवकर पेटायला हवा, तसा लवकर दुरुस्तही व्हायला हवा.

लहानपणी परळच्या टॅक्सी स्टँडवर हे काम रोज दिसायचं. पद्मिनी टॅक्सीच्या मागच्या पंखासारख्या टोकाला उभट लाल दिवा असायचा. ड्रायव्हरकाका गिऱ्हाइकाची वाट बघत तो उघडून बसलेले असायचे, फडक्यावर स्क्रू मांडून. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या त्या टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या. त्या माणसांना आपल्या गाडीचा प्रत्येक बल्ब ठाऊक होता, कारण गाडी बंद म्हणजे चूल बंद.

ज्यांना स्वतः करून बघायचं आहे त्यांच्यासाठी एकदोन गोष्टी राहिल्या. दोन्ही ब्रेक लाइट एकदमच गेले असतील तर बल्ब बदलत बसू नका, आधी फ्यूज आणि पेडलवरचा स्विच बघा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, मोठा घालू नका, वायरिंग जळू शकतं. लाल काच उन्हाने फिकट गुलाबी झाली असेल किंवा तडकून पांढरा उजेड बाहेर पडत असेल, तर नवा बल्ब घालूनही काम अर्धंच होतं. आतला बल्ब साधा पांढराच असतो, लाल रंग काचेचा असतो. आणि लाइट परत बसवताना मागची रबरी पट्टी जागेवर आहे ना हे बघा, नाहीतर पुढच्याच पावसात आत पाणी साचेल.

ही बातमी आईंनी सोसायटीत केली. आता तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. त्यांच्या गाडीत ब्रेक दाबला की एका बाजूचा इंडिकेटरही मंदसा पेटतो. हे लक्षण बहुधा अर्थिंगचं: करंटला परत जायला चांगली वाट मिळाली नाही की तो शेजारच्या बल्बातून वाट काढतो. येत्या रविवारी त्यांच्या डिकीतली अर्थिंगची वायर बॉडीला जिथे स्क्रूने लावलेली असते, तिथला गंज घासून बघायचा आहे. पॉलिश पेपर आणून ठेवलाय, पेडलवर आई बसणार आहेत. तेवढ्याने नाहीच भागलं तर सीएसटी रोडचा वायरमन आहेच.